न खोललेली पेटी

आरमोरीत पेटी म्हणजे हार्मोनियम, आणि पेटीवाले म्हणजे रशीदभाऊ. लोखंडी ट्रंका विकणारेही आमच्या बाजारओळीत होते, पण त्यांना कोणी पेटीवाले म्हटलं नाही. तो मान एकट्या रशीदभाऊंचा. बरं, माणूस मोठा वादक होता म्हणावं तर तेही नाही. एक भजन आणि एक कव्वाली, दोन्हींची पहिली ओळ, यापलीकडे ते सलग काही वाजवत नसत. पण आमची झाडीपट्टी म्हणजे गावोगाव भजनमंडळं, हिवाळा लागला की नाटकं, शाळाशाळांत प्रार्थना. एखाद्या गावची पेटी मुकी झाली की लोक ती सायकलच्या कॅरिअरला बांधून, नाही तर एसटीच्या टपावर टाकून आरमोरीला आणायचे आणि रशीदभाऊंच्या दारात ठेवायचे.

मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. गाणं माझ्याकडे, म्हणून शाळेची पेटीही माझ्याकडे. माझी जीभ तिखट, हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि रशीदभाऊंना त्याची फार गंमत वाटायची. मी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की ते आत भाभींना ओरडून सांगायचे, काळी पाच आली, चहा ठेवा. माणसांचे आवाज पेटीच्या पट्ट्यांवरून ओळखायची त्यांना खोड होती, आणि काळी पाच म्हणजे पार वरची, चिरकी. मी चिडायची. पण चहा प्यायची.

चहाच्या आधी पाणी. दारातच तिवईवर माठ, माठात वाळ्याची जुडी, वर पितळेचा लोटा. आत आलेल्या माणसानं पाणी प्यायल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा त्या दुकानाचा कायदा होता. मे महिन्यात आमच्याकडे रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हा ते ठीकच होतं. पण रशीदभाऊ भर पावसाळ्यात भिजून आलेल्या माणसालाही लोटा पुढे करायचे. कोणी नको म्हटलं, आत्ताच प्यालो म्हटलं, की त्याच्या पेटीला ते हात लावत नसत. कोरड्या माणसाचं काम मी करत नाई, म्हणायचे. एकदा एका नाटक कंपनीचा मालक घाईघाईत आला आणि पाणी न पिताच आरडाओरडा करायला लागला. रशीदभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी त्या गड्यानं लोटाभर पाणी घशाखाली घातलं, खाली बसला आणि आवाज एकदम निम्म्यावर आला. रशीदभाऊ मला म्हणाले, पाह्यलं का, हा पांढरी दोनचा माणूस, उगाच वरच्या पट्टीत बोलून राह्यला होता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सरसाचा वास, मेंढीच्या कातड्याचा वास आणि त्यावर अगरबत्तीचा. अगरबत्ती देवाधर्मासाठी नव्हे. भाता कुठून गळतो ते पाहायला ते पेटलेली अगरबत्ती त्याच्या कडेकडेनं फिरवत आणि धूर कुठे हलतो ते बघत. धूर हलला की तिथे नखानं खूण, खुणेवर सरस, सरसावर कातडं. त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. मी बोललेच तर म्हणायचे, "बाई, तुमच्या बोलण्यानं धूर हालते."

आणि मग त्यांचा तो नियम. भाता ते नवा लावत, पट्ट्या घासून देत, भात्याच्या चामडी झडपा बदलत. पण पेटीच्या खाली पेचांनी घट्ट बसवलेली जी पाटी असते, जिच्यावर सगळ्या सुरांच्या पितळी पात्या असतात, ती ते कधी म्हणून काढत नसत. तिला ते पेटीचं पोट म्हणायचे. सूर अडला तर सगळी दुनिया ती पाटी काढते आणि पाती साफ करते. रशीदभाऊ नाही. ते अडलेली पट्टी दाबून धरायचे आणि भाता मारत राहायचे, एका लयीत, सकाळभर, दुपारभर. "पेटीचं पोट फाडू नये, बाई. हवा पुरी भेटली का सूर आपल्या पायानं भायेर येते," म्हणायचे. आणि नवल म्हणजे बहुतेक वेळा तो यायचा.

या नियमामागे त्यांच्या अब्बांची गोष्ट होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही हातातलं काम न थांबवता. अब्बाही पेटीवालेच. एका म्हाताऱ्या भजनीबुवांची पेटी त्यांच्याकडे आली होती, फार गोड आवाजाची. तिचे सूर, म्हणजे आतल्या त्या पात्या, विलायती होते म्हणे. एक सूर अडला म्हणून अब्बांनी पोट खोललं, सगळ्या पात्या पुसल्या, जिथल्या तिथे बसवल्या. पेटी वाजायला लागली, सगळ्या पट्ट्या बोलल्या, पण आवाज घोगरा झाला. बुवांनी एक ओळ वाजवून पाहिली, पेटी उचलली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. पुन्हा ते त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. अब्बा त्या दिवशी जेवले नाई, एवढं सांगून रशीदभाऊ पुन्हा कातडं कापायला लागले.

मुलचेऱ्याकडे बंगाली लोकांची गावं आहेत, निर्वासित म्हणून आलेल्यांची. त्यांच्यात घरोघर कीर्तन आणि कीर्तनाला पेटी. तिकडचे हरिपदबाबू एकदा भर श्रावणात आपली पेटी घेऊन आले, तान्ह्या लेकरासारखी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. पावसानं लाकूड फुगलेलं, अर्धे सूर बंद. दुसऱ्या एका कारागिरानं त्यांना सांगितलं होतं की पोट खोलून सगळे सूर बदलावे लागतील. ती पेटी त्यांची आई वाजवायची. सूर बदलायचे म्हटल्यावर बाबूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. रशीदभाऊंनी आधी त्यांना भरपूर पाणी पाजलं. मग पेटी उन्हाच्या तिरपीत मांडली. ढग आले की आत, ऊन आलं की बाहेर, असं करत भाता मारत राहिले. शाळा सुटल्यावर मी पाहायला गेले, तर एकेक सूर बोलायला लागला होता. बाबू शेजारी उकिडवे बसून प्रत्येक सुराला मान डोलवत होते आणि डोळे पुसत होते. जाताना त्यांनी वाकून रशीदभाऊंच्या पायाला हात लावला. रशीदभाऊ लाजले. पण तेव्हापासून त्यांच्या नियमाला कुराणाची मोहर लागल्यासारखं झालं. कोणी जरा खोलून पाहा ना भाऊ म्हटलं, की मुलचेऱ्याची पेटी पुढे यायची.

त्याच नियमापायी आमच्या शाळेची पेटी त्यांच्या बाकावर अडकून बसली. क्रीडासंमेलनाला जाताना आम्ही पोरांना आणि पेटीला एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं होतं. खाली धानाच्या चुंगड्या, म्हणजे पोती, त्यांच्यावर पेटी, पेटीला धरून पोट्टे. परत आलो तर काळी चार मुकी. आता आमच्या प्रार्थनेच्या दुसऱ्याच ओळीत काळी चार येते. रशीदभाऊंनी भाता मारून पाहिला आणि म्हणाले, होईन. नाही झालं. मी पेटी घेऊन जायची, पुन्हा आणायची, पुन्हा तेच. मी सांगून सांगून थकले की एकदा खोला बावा, शाळेची पेटी आहे, कोणाच्या आईची आठवण नाही. ते म्हणायचे, घाई कायची आहे. इकडे पोट्टे त्या जागी गप्प राहून श्वास घ्यायला शिकले. पहिलीत नव्यानं आलेल्यांना तर वाटायचं, प्रार्थनेत तिथे श्वासच घ्यायचा असतो.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका दसऱ्याच्या सुमारास रशीदभाऊंच्या छातीत दुखलं. पित्त झालं म्हणून त्यांनी सोडा घेतला आणि पुन्हा कामाला बसले. मग दम लागायला लागला. भाता मारता मारता हात मधेच थांबायचा. पाय सुजले, सूज टोंगळ्यापर्यंत, म्हणजे पार गुडघ्यापर्यंत चढली. आणि लघवी कमी झाली, होता होता नावापुरती राहिली.

आता आमच्या मुलखात लघवी कमी झाली की लहान लेकरूही सांगेल, ऊन लागलं, पाणी पी. इथल्या माणसाला उन्हानं अडलेली लघवी माहीत. हृदयानं अडलेली कोणाच्या बापानं पाहिली होती? बाजारओळीतला एकूण एक माणूस येऊन तेच सांगून गेला. आणि रशीदभाऊ तर पाण्याचेच भक्त. माठ जवळ ओढून ते पीत सुटले. पीत राहिले आणि बाहेर काही येईना. ते पाणी अंगात साठत गेलं, चेहरा सुजला, मग छातीत भरलं. आडवं झालं की गुदमरायचे. भाभी त्यांना भिंतीला टेकवून बसवायच्या आणि लोटा तोंडाला लावायच्या. मायेनं लावायच्या बिचाऱ्या. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला. पाणी बंद करा आणि ताबडतोब नागपूर गाठा, म्हणाले.

दिवाळीच्या सुट्ट्या लागलेल्या. मी नागपुरात बहिणीकडे होते, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. दवाखाना मोठा होता, आणि त्यांच्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टर मॅडम अंगानं बारीक, बोलायला सौम्य. त्यांनी भाभींना आणि मला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. छातीत दुखलं ते पित्त नव्हतं, हृदयाचा झटका होता. त्यात हृदयातली एक झडप ढिली झाली होती. हृदय रक्त पुढे ढकलायचं आणि त्यातलं बरंचसं त्या झडपेतून मागेच यायचं. पुढे जाणारं रक्त कमी पडत होतं, म्हणून किडन्यांपर्यंत ते पोचत नव्हतं.

"किडन्या खराब झालेल्या नाहीत अजून," मॅडम म्हणाल्या. "उपाशी आहेत."

त्यांनी एक उपाय सांगितला. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक लांब नळी वर छातीपर्यंत सरकवायची. तिच्या टोकाला लांबट फुगा. हृदय एकदा रक्त ढकलून थांबलं की फुगा फुगतो आणि तेच रक्त आणखी पुढे रेटतो. हृदय पुन्हा ढकलायच्या बेतात आलं की फुगा मिटतो आणि त्याला वाट करून देतो. म्हणजे थकलेल्या हृदयाच्या जोडीला दुसरा पंप. रशीदभाऊंना प्राणवायूची नळी लावलेली, एका वाक्याला दोनदा धाप. तरी त्यांनी विचारलं ते एवढंच, की त्याले पोट फाडा लागते का. मॅडम म्हणाल्या, छे, सुईनं भोक पाडतो फक्त. त्यावर त्यांनी डोळे मिटले आणि होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर भाभींनी दारातच माझा हात धरला, ओढत आत नेलं आणि पलंगाखाली लटकवलेली पिशवी दाखवली. लघवीनं भरत आलेली. जन्मात मी कोणाच्या लघवीकडे इतक्या आनंदानं पाहिलं नसेल. भाभी एका डोळ्यानं रडत होत्या, एका डोळ्यानं हसत होत्या. रशीदभाऊंच्या चेहऱ्याची सूज ओसरली होती आणि आतून आमचा ओळखीचा माणूस परत दिसायला लागला होता. शेजारी कपाटाएवढं यंत्र उभं, त्यातून एका लयीत फुस्स आणि टक, फुस्स आणि टक. त्यांनी त्या लयीवर चादरीवर बोट आपटून दाखवलं.

"ऐका बाई," म्हणाले. "भाता आहे हा."

सिस्टरनं त्यांना अर्धा पेला पाणी आणून दिलं. घरून निघाल्यापासून ते चमच्या-चमच्यानं मिळत होतं. आता किडन्या चालू झाल्या म्हणून एवढी मोकळीक. त्यांनी तो पेला दोन्ही हातांनी धरला, त्याच्याकडे पाहिलं, आणि आधी माझ्यापुढे केला. मी म्हटलं, गुमान प्या. ते प्याले, हळूहळू, डोळे मिटून.

पुढचे दोन दिवस असेच चांगले गेले, आणि मग मॅडम शस्त्रक्रियेचं बोलायला आल्या. आता अंगातलं पाणी उतरलं आहे, किडन्या चालू आहेत, झडप बदलायची ती आत्ताच. फुगा फार दिवस ठेवता येत नाही. पायाचं रक्त अडतं, जंतू शिरतात. फुगा काढला की किडन्या पुन्हा उपाशी पडणार. छाती उघडावी लागेल. धोका आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. पण वेळ हीच आहे, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या.

रशीदभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, सूर मोकळे झाले ना? मंग आता माह्या जुन्या भात्यानं भागते."

मॅडमना काही कळेना. मी त्यांना पेटीचं सगळं सांगितलं, पोट, पाटी, मुलचेरा. त्या हसल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसल्या.

"भाऊ, किडनी म्हणजे पेटीचा सूर नव्हे. एकदा मोकळी झाली म्हणून मोकळी राहत नाही. रक्त कमी पडलं की ती परत बंद पडेल, आणि दर वेळी उघडेलच असं नाही."

रशीदभाऊ फक्त हसले. पोट खोला म्हणून सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहून ते जसे हसायचे, अगदी तसे. मला ते हसणं ओळखीचं होतं.

मॅडम गेल्यावर मी त्यांच्याशी भांडले. दवाखाना पाहिला नाही, सिस्टर पाहिली नाही, भांडले. म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांच्या भात्याच्या झडपा बदलल्या तुम्ही, कातडं फाटलं की नवं लावलं, आणि स्वतःची बदलायची म्हटलं तर तुमचं डोस्कं फिरलं? म्हटलं, हरिपदबाबूची पेटी ओली झाली होती, तिची झडप तुटली नव्हती. ते म्हणाले, "त्या झडपा भायेरच्या, बाई. पोटातल्या नाई." मी म्हटलं, आमच्या शाळेच्या पेटीला वर्ष होत आलं भाता मारून राह्यले, आली का काळी चार? त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

बाहेर व्हरांड्यात भाभी उभ्या होत्या. गरीब बाई, नवऱ्याच्या शब्दापुढे कधी गेली नव्हती. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काय वाटते. मी सांगितलं, भाभी, करा. त्या आत गेल्या, बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल.

"ते भेऊन राह्यले, बाई," म्हणाल्या. "म्हनते, मी उठलोच तरी तो मी राह्यणार नाई."

एवढंच होतं ते. नियम-बियम काही नाही, भीती. अब्बांच्या हातून घोगरी झालेली ती पेटी त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. माझा सगळा राग उतरला आणि फार वाईट वाटलं. भीती कोणाला नसते? पण त्या भीतीला त्यांनी कारागिरीचं नाव दिलं होतं, आणि कारागिरीच्या बाबतीत त्यांना समजावणारा माणूस आरमोरीत जन्मलेला नव्हता. मॅडम आणखी दोनदा येऊन बसल्या, फुगा ठेवता येईल तेवढा ठेवला. मग काढावा लागला. गोळ्या देऊन, पाण्याचं माप सांगून, रशीदभाऊंच्या स्वतःच्या सहीनं त्यांना घरी पाठवलं.

आणि पाहा नशीब कसं खेळतं. घरी आल्यावर काही दिवस लघवी होत राहिली. रशीदभाऊंचा तो तोरा! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, नागपूरच्या डॉक्टरनं भाता मारला, सूर मोकळे झाले, पोट फाडा लागलं नाई. बाजारओळीत उंटावरच्या शहाण्यांची काही कमी नाही. ते माना डोलवायचे आणि म्हणायचे, बरं झालं भाऊ, छाती फाडून घेतली नाही. माठ पुन्हा भरला गेला, लोटा पुन्हा फिरायला लागला. त्यांनी स्वतः मात्र मापाबाहेर एक घोट घेतला नाही, तेवढं मॅडमचं ऐकलं. मलाही एखाद्या दिवशी वाटायचं, काय सांगावं, त्यांचंच खरं असेल. ते खरं असावं असं फार मनापासून वाटत होतं.

संक्रांतीला तीळगूळ द्यायला गेले तर त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतले. मी चादर बाजूला केली. टोंगळ्यापर्यंत सूज. भाभींनी वाटीत तीळगूळ घेतला आणि आत गेल्या.

त्यांना पुन्हा नागपूरला नेलं, तेव्हा माझी शाळा होती. पण शनिवारी दुपारची गाडी धरून मी गेले. मॅडम तपासून उभ्या राहिल्या, तोच रशीदभाऊंनीच विचारलं, आपण होऊन, हळू आवाजात.

"आता करता का मॅडम, झडपेचं?"

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. आता नाही होणार भाऊ, म्हणाल्या. त्यांचा आवाजही साधा राहिला नव्हता. किडन्या यावेळी नुसत्या उपाशी नव्हत्या, आतून गेल्या होत्या; हृदयही फार थकलं होतं; छाती उघडणं आता झेपणार नव्हतं. फुग्याचं त्यांनी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, तो घालून काढायचा कधी? त्याच्या मागून करायला आता काही उरलं नाही. मशीनवर रक्त धुवायला लावलं, तर दोनदा रक्तदाब इतका पडला की अर्ध्यातून थांबवावं लागलं. रशीदभाऊ म्हणाले, घरी जाऊ द्या. या वेळी मी भांडले नाही.

शिमग्याच्या आधी ते गेले. मयतीला हरिपदबाबू मुलचेऱ्याहून आले होते, बंगाली कीर्तनाची मंडळी घेऊन, आणि कबरस्तानाच्या फाटकाबाहेर हात जोडून उभे होते. पण मला रशीदभाऊ दिसतात ते त्या दिवसाचे नाहीत. त्याच्या आठवडाभर आधीचे.

त्यांनी शाळेत निरोप पाठवला होता, बाईनं येऊन जावं. मी दुपारच्या सुट्टीतच गेले. मोहाची फुलं पडायला लागली होती, त्यांचा तो जड गोड वास पार बाजारओळीत भरलेला. पलंग दुकानातच आणून टाकला होता. उशांना टेकून बसलेले, हात सुजलेले, ओठांवर पापुद्रे. माठ मात्र दारात होता तिथेच, भरलेला. मी आत शिरले तशी त्यांनी बोटानं माठाकडे खूण केली. मी लोटा भरून घेतला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत प्याले. त्याशिवाय ते बोलले नसते.

मग म्हणाले, "शाळेची पेटी घ्या बाई. उलटी करा. खालचे पेच काढा."

त्यांनी उशीखालून पेचकस काढून पुढे केला. स्वतःच्या बोटांत जोर असता तर त्यांनी मला हात लावू दिला नसता. पेच गंजलेले, एकेक काढता काढता माझ्या तळहाताला फोड यायची वेळ आली. पाटी सुटली तेव्हा ते बिस्मिल्ला म्हणाले. आत पितळेच्या पात्या ओळीनं बसलेल्या, धुळीनं काळवंडलेल्या. काळी चारच्या पातीखाली धानाचं एक कुसळ अडकलं होतं. केसाएवढं, पिवळं. त्या ट्रॉलीतल्या चुंगडीतलं. हवेनं ते निघणारच नव्हतं. भाता मारला की ते आणखी आत रुतत होतं.

त्यांनी भाभींकडून शिवायची सुई मागून घेतली, हात थरथरू नये म्हणून मनगट माझ्या मनगटावर टेकवलं, आणि कुसळ काढलं. बोटावर धरून पाहिलं. किती वेळ पाहत होते. मग मी पाटी परत बसवली, पेच आवळले, पेटी सुलटी करून पलंगावर त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी काळी चारवर बोट ठेवलं आणि थांबले. भाता मारायला दम नव्हता. मी पलीकडे बसले आणि भाता मारला.

सूर आला. स्वच्छ, भरलेला, पहिल्यापासून होता तस्सा. कुठे फाटका नाही, कुठे घोगरा नाही.

रशीदभाऊ ऐकत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, पोट खोल्लं तरी आवाज तोच आहे जी."

आतल्या दारात भाभी पदर तोंडात धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, दुसरी पट्टी दाबा भाऊ, बाकीचे सूर पाहून घेऊ. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. काळी चारवरचं बोट काही त्यांनी उचललं नाही, आणि मी भाता मारत राहिले.